गलविंगचे पंख आणि अ‍ॅमेझॉनचा पट्टा

मोटारींच्या इतिहासावरील सचित्र पुस्तकांत मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल, म्हणजेच ‘गलविंग’, हमखास भेटते. तिच्या शेजारी व्होल्वो अ‍ॅमेझॉन क्वचितच दिसते. हा क्रम उलटा असायला हवा.

फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात गलविंग अवतरली. पंखांसारखी वर उघडणारी तिची दारे शोभेसाठी नव्हती. शर्यतीच्या मोटारीवरून घेतलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा बाजूंना इतका उंच होता, की नेहमीच्या दाराला जागाच उरली नाही. अडचणीतून आलेले हे सौंदर्य खरोखर विलोभनीय आहे. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारी बॉशची यंत्रणा, २१५ अश्वशक्ती, गिअरच्या निवडीनुसार ताशी २६० किमीपर्यंत वेग! मात्र वेगात वळताना मागची चाके दगा देत आणि काचा खाली सरकत नसत, काढूनच ठेवाव्या लागत. १९५७ पर्यंत अशा केवळ १,४०० मोटारी बनल्या.

अ‍ॅमेझॉन १९५६ ची. नाव ग्रीक पुराणातील योद्ध्या स्त्रियांचे, काम मात्र मुलाबाळांना घेऊन बाजारहाट करण्याचे. चार दारे, ६० अश्वशक्ती. वेगाच्या चाहत्याने वळूनही पाहू नये अशी. पण १९५९ मध्ये तिच्यात आणि तिची बहीण पीव्ही ५४४ हिच्यात नील्स बोलीन यांचा तीन बिंदूंचा सुरक्षापट्टा आला. बोलीन पूर्वी ‘साब’मध्ये लढाऊ विमानांच्या उत्क्षेपण आसनांवर काम करीत. तोवरचे केवळ कमरेचे पट्टे धडकेत पोटालाच इजा करीत आणि छाती मोकळी सोडीत. बोलीन यांनी छाती आणि कंबर एकाच पट्ट्यात घेतली, कुलूप नितंबाजवळ खाली ठेवले आणि पट्टा एका हाताने लावता येईल असा केला. पेटंट असूनही व्होल्वोने ही रचना इतर कंपन्यांसाठी खुली ठेवली.

शर्यतीत जन्मलेले तंत्रच पुढे सामान्यांच्या मोटारीत उतरते, असे गलविंगचे भक्त म्हणतात. ते अंशतः खरे आहे. परंतु थेट इंधनफवारणी घरगुती सेडानमध्ये रुळायला मित्सुबिशीची १९९६ ची गॅलँट यावी लागली, म्हणजे चार दशके गेली. पट्ट्याचा प्रवास तर शर्यतीच्या मैदानाला वळसा घालून विमानातून थेट कुटुंबाच्या मोटारीत झाला.

आज गलविंगला लिलावात दहा लाख डॉलरांहून अधिक किंमत येते. मर्सिडीजच्या नव्या स्पोर्ट्स कारमध्ये बसणारा मात्र इंजिन सुरू करण्याआधी बोलीन यांचाच पट्टा ओढतो.