आजीला स्क्रिप्ट देऊ नका



नवीन धंदा सुरू करणारी मुलं मला हमखास विचारतात, "सर, आजीचे व्हिडिओ चालतात. आपणही आजीला बसवू का?"

त्यांच्या डोळ्यांपुढे असते 'आपली आजी'. म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे. २०२० मध्ये नातू यश पाठकने पावभाजी मागितली, यूट्यूबवर रेसिपी दाखवली. आजी म्हणाल्या, याहून चांगली मी करते. तिथून चॅनल उभं राहिलं आणि लाखो लोक जोडले गेले. पण लक्षात घ्या, तिथे आधी आजी होती, कॅमेरा नंतर आला.

मी उलटं केलं. माझी आजी इथे चिचगडला दुकानाच्या ओट्यावर बसते. तेल लवकर संपलं की गिऱ्हाईकाला विचारते, "पाहुणे आले होते का, बाबू?" मी तिला नवं लुगडं नेसवलं, स्क्रिप्ट दिली, पाच रिटेक घेतले. सहाव्याला ती म्हणाली, "मी का झाडीपट्टीच्या नाटकातली बाई आहो का रे?" दोन दिवस ओट्यावर आलीच नाही. येणारा प्रत्येक जण विचारे, "आजी कुठे?" तेव्हा कळलं, लोक फक्त तेल घ्यायला येत नव्हते.

माझं स्पष्ट मत आहे. आधी तिला विचारा. नाही म्हणाली तर विषय संपला. हो म्हणाली तर ती बोलेल तसं बोलू द्या, आणि कमाईतला वाटा तिच्याच बँक खात्यात टाका. भागीदार आहे ती, फुकटची मॉडेल नाही.