भाकड काळाचा हिशेब

कोपरच्या घराघरांत पहाटे येणाऱ्या दुधाकडे ग्राहक भाव आणि दाटपणा या दोनच दृष्टींनी पाहतो. खाडीकाठची भातखाचरे इमारतींखाली गेली, पेंढ्याच्या उडव्या दिसेनाशा झाल्या आणि दूध म्हणजे पिशवी हे समीकरण रूढ झाले. तरी कल्याणच्या खाडीकाठी तबेले आहेत, ठाणे जिल्ह्याच्या खेड्यांत गोठे आहेत. या दुधामागचा एक हिशेब मात्र शहराने कधी मागितला नाही आणि गोठ्याने कधी मांडला नाही. तो आहे गाभण जनावराच्या पोषणाचा.

दूध न देणाऱ्या जनावराला आपण भाकड म्हणतो. विण्यापूर्वी दोन महिने दूध आटवलेली म्हैसही याच सदरात जमा होते. दूध थांबले की पेंड थांबते आणि गव्हाणीत उरतो तो कोरडा पेंढा. मालक निर्दय असतो असे नव्हे. रोजच्या दुधाच्या पैशांतूनच त्याला रोजची वैरण आणावी लागते. परंतु ज्या काळाला तो निरुत्पादक समजतो, त्याच काळात जनावराच्या पोटात सर्वांत मोठे उत्पादन चाललेले असते. म्हशीचा गर्भकाळ सुमारे ३१० दिवसांचा, गाईचा सुमारे २८०. गर्भाच्या एकूण वाढीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग अखेरच्या तीन महिन्यांत होतो. भाताच्या पेंढ्यात प्रथिने शेकडा तीन-चार. ‘अ’ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. अशा आहारावर माता आपली हाडे आणि मांस झिजवून गर्भाला पोसते आणि तेही अपुरे पडले की वासरू अशक्त जन्मते.

हानी केवळ अखेरच्या महिन्यांत होते असेही नाही. वार आणि अवयव आरंभीच्या महिन्यांत घडतात. स्नायूतंतूंची संख्या बहुतांशी जन्मापूर्वीच ठरून जाते. कालवडीच्या बीजकोशातील बीजेही ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे एका गाभण गाईच्या उपासमारीची झळ तिच्या नातीपर्यंत पोहोचू शकते. नेब्रास्का विद्यापीठाच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गाभणपणाच्या अखेरीस प्रथिनांचा पूरक आहार मिळालेल्या गाईंच्या कालवडींपैकी शेकडा ९३ गाभण राहिल्या. तो न मिळालेल्या गाईंच्या कालवडींत हे प्रमाण शेकडा ८० होते. जन्मवेळच्या वजनात मात्र फरक नव्हता. डोळ्यांना न दिसणारा तोटा तो हाच.

महाराष्ट्राने पशुसुधारणेसाठी काही केले नाही, असे कोणी म्हणणार नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे ‘बाएफ’ची स्थापना केली आणि उत्तम वळूचे वीर्य शेतकऱ्याच्या दारी पोहोचवण्याची वाट घालून दिली. ते कार्य मोलाचे आहे. परंतु वंशाचा विचार वळूपाशी सुरू होऊन वळूपाशीच संपणे योग्य नव्हे. १९३८ साली केंब्रिज येथे वॉल्टन आणि हॅमंड यांनी थोराड शायर आणि ठेंगण्या शेटलंड घोड्यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. शायर घोडीच्या पोटचे शिंगरू शेटलंड घोडीच्या शिंगरापेक्षा जन्मतः सुमारे तिप्पट वजनाचे भरले. दोन्हींकडे वंश तोच. फरक होता तो आईच्या उदराचा. बियाणे उंची आणि जमीन उपाशी, या शेतीतून कोणते पीक येणार?

दुष्काळात ही उपेक्षा सरकारी दप्तरातही उतरते. २०१९ सालच्या चारा छावण्यांत अनुदानाचे दर मोठे जनावर आणि लहान जनावर असे दोन प्रकारचे होते. गाभण जनावर ‘मोठे’ या एकाच रकान्यात गेले. त्याच्या पोटातल्या जिवाला रकाना नव्हता.

उपाय खर्चिक नाही. विण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत दररोज दीड-दोन किलो जादा खुराक, थोडी हिरवी वैरण आणि क्षारमिश्रण एवढ्याने बरेच साधते. जनावर अतिपुष्ट होऊन विताना अडणार नाही, एवढे मात्र पाहावे. वासराला वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती पहिल्या काही तासांत पाजलेल्या चिकातूनच मिळतात. म्हणून खरवसाची हौस जरूर व्हावी, पण चिकावर पहिला हक्क वासराचा.

मुख्य अडचण पैशांची आहे. ती दूधसंघांनी दूर करावी. गाभण जनावरासाठी खाद्य उधारीवर द्यावे आणि व्यायल्यानंतरच्या दुधातून त्याची वसुली करावी. भाकड काळातील खाद्यासाठी तुरळक अनुदाने आहेत. ती अपवाद न राहता नियम व्हावीत. कृत्रिम रेतनाची नोंद करणाऱ्या वहीत सातव्या महिन्याच्या आहाराचीही नोंद असावी. छावणीत गाभण जनावराला स्वतंत्र दर मिळावा. आणि ग्राहकाने दुधाच्या भाववाढीवर बोलताना हेही ध्यानात ठेवावे की त्या भावात दूध न देणाऱ्या दोन महिन्यांची वैरण मिळवावी लागते. हा खर्च आज टाळला तर उद्याची म्हैस तो कमी दुधाच्या रूपाने, व्याजासह वसूल करील.