उघड्या दारापुढे का थबकता?



पावसाळा सरत आला की मुंबई शहराचा उत्सवांचा हंगाम सुरू होतो. सप्टेंबरात वांद्र्याच्या डोंगरावर माऊंट मेरीची जत्रा भरते. डिसेंबरात माहीमला मखदूम अली माहिमी यांच्या उरुसाचे पाळणे फिरू लागतात. थंडी ओसरता ओसरता काळा घोडा परिसरात १९९९ सालापासून भरत आलेला कलामहोत्सव येतो. ज्या समाजाने ह्या शहराचे रस्ते झाडले, गिरण्या चालविल्या, गोदीत ओझी वाहिली, तो ह्या दिवसांत कोठे असतो? बहुधा घरी; आणि गेलाच तर कोणाच्या तरी चाकरीस. ह्याविषयी आज आपणांशी स्पष्ट बोलावयाचे मी ठरविले आहे.

काही वर्षांपूर्वी गावाहून आलेल्या माझ्या वृद्ध मामांना मी एका कलादालनात घेऊन गेलो. दारावरील इसमाने मामांच्या धोतराकडे व वहाणांकडे पाहून विचारले, "काय काम आहे?" मी वकील, उत्तर जिभेवर तयार होते. परंतु मी तोंड उघडण्यापूर्वीच मामा मागे वळले व म्हणाले, "चल बाबा, आपलं काम नाही इथं." त्या इसमाने मज्जाव केलेला नव्हता, केवळ प्रश्न केला होता. मज्जाव मामांनी स्वतःच स्वतःस केला. त्यांना दोष देण्यास माझी जीभ वळत नाही. त्यांच्या सत्तर वर्षांच्या अनुभवाने त्यांस तेच शिकविले होते. पण आपल्या मुलांनीही तेच शिकावे काय?

महाडचे स्मरण करा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केले. कागदावर तळे खुले झाले, पण ओंजळ कोरडीच राहिली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो पावले तळ्याच्या पायऱ्या उतरली तेव्हा त्या ठरावात प्राण आला. पुढे तो वाद न्यायालयात दहा वर्षे चालला व १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात आपला विजय झाला. हक्क कायद्याने मिळतो. तो टिकतो मात्र वहिवाटीने, हे माझ्या धंद्यातील अगदी पहिले सत्य होय.

आज आपल्या हाती त्या ठरावापेक्षा कितीतरी बळकट शस्त्र आहे. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाप्रमाणे दुकाने, उपाहारगृहे व सार्वजनिक करमणुकीची स्थाने ह्यांत प्रवेश करताना कोणाही नागरिकास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून अडविता येत नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून अशा ठिकाणी अडविणे हा १९५५ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. १९७६ पासून तो कायदा नागरी हक्क संरक्षण अधिनियम ह्या नावाने ओळखला जातो. बाजारात माल मांडून बसणाऱ्या आपल्या भावाबहिणींनीही २०१४ चा पथविक्रेता अधिनियम वाचून घ्यावा. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान शेकडा ४० सभासद विक्रेत्यांतूनच निवडलेले असले पाहिजेत, आणि प्रमाणपत्रधारक विक्रेत्यास ३० दिवसांच्या नोटिशीवाचून नेमून दिलेल्या जागेवरून हलविता येत नाही.

ह्यावर आपल्यातीलच काहीजण म्हणतात, "उत्सव म्हटला की देव आला, आणि देव तर आम्ही सोडले." खरे आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्याने कोणत्याही देवापुढे हात जोडू नयेत. पण आपण पूजा सोडली, माणसांची संगत सोडलेली नाही. मुलाला पाळण्यात बसविल्याने किंवा भिंतीवरील चित्र पाहिल्याने कोणती प्रतिज्ञा भंगते ते मला कोणी दाखवून द्यावे.

दुसरे म्हणतात, "आमचा प्रश्न भाकरीचा, चित्रे पाहून पोट भरते काय?" भरत नाही. परंतु ज्यांची पोटे भरलेली आहेत तेच तेवढे चित्रे पाहणार, हा नियम तुम्ही कोणाच्या सोयीसाठी मान्य करता? आणि ही कला परक्याची आहे हे तरी तुम्हांस कोणी सांगितले? १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी ग्रिफिथ्स ह्या आपल्या गुरूंसह अजिंठ्याच्या विहारांत वर्षानुवर्षे बसून तेथील भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. भिक्षूंच्या निवासातील भिंती त्यांच्या पाठशाळा झाल्या. त्या भिंतींचा वारसा सांगणाऱ्यांनी चित्रांस बुजावे, हे आश्चर्य होय.

तेव्हा प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. एखाद्या रविवारी सहकुटुंब काळा घोड्यास जा. १९५२ साली उघडलेल्या जहांगीर कलादालनात प्रवेशास एक पैसाही पडत नाही. कलामहोत्सवासही तिकीट नाही. बाहेर पदपथावर चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात, त्यांच्याशी बोला. शेजारच्या संग्रहालयास तिकीट पडते, पण सिंधमधील मीरपूरखासच्या स्तूपातून आलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती तेथे आहेत. मुलांस त्या अवश्य दाखवा. राजाचा पुतळा तेथून १९६५ सालीच हलविला गेला. २०१७ साली त्या चौकात पुन्हा घोडा उभा राहिला, पण त्याच्या पाठीवर स्वार नाही. त्याखाली मुलाला उभे करून एवढे अवश्य सांगा की हा चौक आता कोण्या राजाचा नाही.

६ डिसेंबरला तर आपण दादरला जमतोच. तो दिवस अभिवादनाचा आहे, जत्रेचा नव्हे. तरीही शिवाजी पार्कावर त्या दिवशी पुस्तकांचा जो बाजार भरतो तो ह्या शहराचे भूषण आहे. तेथे विकत घेतलेले पुस्तक ज्या हातात आहे, त्या हाताने कलादालनाचे दार ढकलण्यास कचरू नये.

आणि दारावर कोणी "काय काम आहे?" असे विचारले तर मागे वळू नका. शांतपणे सांगा, "चित्रे पाहावयाची आहेत." मग मुलाचा हात धरून आत जा. माझे मामा आज हयात नाहीत. त्यांचे अर्धे राहिलेले पाऊल आपल्या मुलांनी पुरे करावयाचे आहे.

जय भीम.