उतरवलेले जर्नल

कॉलेजचे वर्ष संपत आले की अनेक घरांत एकच दृश्य दिसते. मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याचे जर्नल शेजारी उघडे ठेवून मुले रात्र जागवतात. उत्तर आधीच ठाऊक असते, त्याला जुळतील अशी रीडिंग्ज मागाहून बसवली जातात. सही मिळते, गुणही मिळतात. मात्र स्वतः पाहून स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची सवय लागत नाही आणि पुढे संशोधनाकडे वळल्यावर नेमकी तीच उणीव नडते.

उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान ही शाळेत पाठ केलेली शीर्षके म्हणजे शोधनिबंधाचाच सांगाडा. प्रश्न कोणता, तो कसा तपासला, काय दिसले आणि त्याचा अर्थ काय, एवढेच तिथेही सांगायचे असते. कृती वाचून अनोळखी माणसाला तोच प्रयोग करता आला पाहिजे. ‘थोडे मीठ घातले’ असे लिहून भागत नाही; किती ग्रॅम, किती पाण्यात, हे सांगावे लागते.

लिहिण्याचे मोल काय, हे १९२८ साली दिसून आले. कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन प्रकाशाच्या विकिरणावर काम करत होते. कृष्णन यांनी फेब्रुवारीतल्या त्या दिवसांची रोजनिशी ठेवली होती. २८ फेब्रुवारीला शोध पक्का झाला आणि ३१ मार्चला ‘नेचर’मध्ये दोघांचे छोटेसे टिपण छापून आले. मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलस्टाम यांनाही त्याच सुमारास स्फटिकांत हाच परिणाम दिसला होता. त्यांचा लेख प्रसिद्ध व्हायला जुलै उजाडला. १९३० चे नोबेल पारितोषिक रामन यांना मिळाले आणि शोधाला नाव पडले ‘रामन परिणाम’.

घाईइतकाच सचोटीलाही अर्थ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातला ६० टक्क्यांहून अधिक मजकूर दुसरीकडून उचललेला आढळला, तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होऊ शकते. उतरवण्याची सवय मात्र प्रबंधाच्या वेळी लागत नाही, ती जर्नलपासूनच अंगवळणी पडते.

चांगली सवय लावायला प्रयोगशाळा लागत नाही. भिजवलेल्या मुगाचे वीस-वीस दाणे दोन ओल्या फडक्यांत बांधावेत. एक पुरचुंडी ओट्यावर ठेवावी, दुसरी फ्रिजमध्ये. रोज ठरलेल्या वेळी किती दाण्यांना मोड आले, ते मुलाने तारीख घालून वहीत लिहावे. लिहायचे शाईने, आकडा चुकला तर खोडरबर नको, वाचता येईल अशी एकच रेघ मारावी. अपेक्षेप्रमाणे मोड आले नाहीत, तरी दिसले तेच लिहावे. असे का झाले, याचा अंदाज वेगळ्या पानावर.

शेवटी ती वही आजीच्या किंवा धाकट्या बहिणीच्या हाती द्यावी. काहीही न विचारता त्यांना तोच प्रयोग करता आला, तर लिखाण जमले. अडखळून त्यांनी ‘पाणी किती?’ असे विचारलेच, तर मुलाने तेवढी ओळ पुन्हा लिहावी.