चावी माझ्याकडे, नकार तुमचा

"पार्टी कोण आहे?" पुण्यात भाड्याच्या घरांचं काम करणाऱ्या एजंटाला मालकाकडून हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. पगार किती, किती वर्षं राहणार, भाडं वेळेवर देतील का, हे नंतर. नवरा-बायको आहेत, दोघं नोकरीला आहेत, एक मुलगी आहे, एवढं सांगून मालकाचं भागत नाही. त्याला आडनाव हवं असतं, आणि आडनावातून धर्म, जात, स्वयंपाकघरात काय शिजतं ते सगळं हवं असतं.

मी कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात काम करते. विक्रीचे व्यवहारही करते, पण घर चालतं ते भाड्याच्या कामावर. आम्ही नुसतं दार उघडून महिन्याच्या भाड्याएवढी दलाली खिशात घालतो, असा पुष्कळांचा समज आहे. त्यांनी एकदा माझ्याबरोबर फिरावं. चार महिने बंद असलेला फ्लॅट उघडून कोंदट वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या टाकायच्या, नळ सोडून गंजाचं पाणी वाहून जाऊ द्यायचं, गिझर तापतो का पाहायचं, मीटरच्या आकड्याचा फोटो काढायचा, पंखे आणि ट्यूब मोजून यादी करायची. व्यवहार ठरला की यंत्र घेऊन घरी जाऊन कराराची ऑनलाइन नोंदणी करायची. सत्तरीच्या मालकीणबाईंच्या बोटांच्या रेषा भांडी घासून झिजलेल्या असतात, यंत्र अंगठा घेत नाही; मग बोट पुसायचं, दुसरं बोट लावायचं, सर्व्हर बंद पडला की परत यायचं. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे भरायची. हे काम कष्टाचं आहे, मला ते येतं, आणि त्याचे पैसे मी ताठ मानेने घेते.

चीड आहे ती दुसऱ्या कामाची. माणसं चाळण्याची. तुम्ही घरमालक आणि तुमच्या सोसायट्यांनी ते आमच्यावर टाकलंय आणि वर आम्हालाच दलाल म्हणून हिणवता.

हे चालतं कसं ते सांगते. आम्हाला पैसे मिळतात ते व्यवहार झाला तरच. दहा घरं दाखवली आणि एकही ठरलं नाही तर पेट्रोल आमचं, दिवस आमचा. म्हणून मालकाने कुणाला नाही म्हणायचं ठरवलंय हे एजंट आधीच विचारून घेतो आणि फोनवरच चाळणी लावतो. एजंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर मेसेज पडत असतात: टू बीएचके, सेमी फर्निश्ड, ओन्ली फॅमिली, ओन्ली व्हेज, नो बॅचलर, नो एम. 'एम' म्हणजे मुस्लिम. अख्खा शब्द लिहायची लाज वाटते म्हणून एक अक्षर. लाज वाटते याचा अर्थ आपण काय करतोय हे लिहिणाऱ्याला आणि लिहायला लावणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे.

आणि फोन करणाऱ्या माणसाला काय सांगायचं? "फ्लॅट गेला हो, कालच टोकन झालं." "मालकाचा मुलगा बेंगळुरूहून परत येतोय." तोच फ्लॅट संध्याकाळी त्याच पोर्टलवर त्याच फोटोंसह दिसतो. समोरच्या माणसालाही तो दिसतो. तो वाद घालत नाही, कारण त्याला हे पाठ झालेलं असतं. पुढच्या वेळी तो फोनवर सुरुवातच अशी करतो: "मॅडम, आधीच सांगतो, आम्ही मुस्लिम आहोत. चालेल का?" भाडं देणारा, कर भरणारा, इंजिनिअर झालेला माणूस स्वतःचं नाव सांगण्याआधी माफी मागितल्यासारखा बोलतो. शहराने त्याला हे शिकवलंय.

मुसलमानांच्या बाबतीत नकार निदान चटकन कळतो. दलितांच्या बाबतीत तो आडवळणाने येतो. गेल्या उन्हाळ्यात एका तरुण जोडप्याला घेऊन मी एका सेवानिवृत्त काकांकडे गेले. घर आवडलं, भाडं मान्य, डिपॉझिट मान्य. काकांनी चहा दिला आणि विचारलं, "जाधव म्हणजे कोणते जाधव?" मुलगा म्हणाला, "सोलापूर जिल्ह्यातले." "तसं नव्हे, कुलदैवत कुठलं तुमचं?" मुलाने कप खाली ठेवला. "आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे काका, तुम्हाला तेच विचारायचंय ना?" काका म्हणाले, "छे छे, मी आपलं सहज." रात्री मला फोन: "ताई, दुसरी पार्टी बघा, मिसेसचं मन तयार होत नाहीये." मिसेस सगळा वेळ आत स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी त्या मुलाचं तोंडही पाहिलं नव्हतं.

अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांसाठी वेगवेगळ्या जातिधर्मांच्या नावांनी चौकशी करून हाच प्रकार नोंदवला. तो अभ्यास २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला. बाकी सगळं सारखं, फरक नावाचा, आणि नावाप्रमाणे उत्तर बदलत होतं. ही दिल्लीची गोष्ट म्हणून पुणेकरांनी सुटकेचा श्वास टाकू नये. इथे फुल्यांचा वाडा आहे, तो पाहुण्यांना आपण अभिमानाने दाखवतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला कार्यालयासाठी जागा पाहायला गेलेल्या एका मराठी बाईला, महाराष्ट्रीय माणसांना इथे जागा देत नाही, असं तोंडावर सांगितलं गेलं. तिचा व्हिडिओ राज्यभर फिरला, गुन्हा दाखल झाला, संताप झाला. तो संताप शंभर टक्के बरोबर होता. पण त्या आठवड्यात मला तो व्हिडिओ पाठवणाऱ्यांत असे मालक होते ज्यांनी त्याच महिन्यात मला 'ओन्ली व्हेज', 'आपल्यातलेच बघा' असं बजावलं होतं. मराठी म्हणून दार बंद झालं की अन्याय, आणि आपण शेख किंवा कांबळे म्हणून दार बंद केलं की घरची पसंती? असा सोयीचा न्याय मला मान्य नाही.

मालकांची उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं, भाडेकरू घर बळकावतो. ही भीती १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळातली आहे, आणि तेव्हा ती खरीही होती. आज लिव्ह अँड लायसन्सच्या करारात भाडेकरूला कुळाचा हक्क मिळत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही माणूस निघाला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा घेता येतो, आणि जास्तीच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. त्यासाठी करार नोंदलेला हवा. नेमकं तिथेच हे सावध मालक पैसे वाचवतात. अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला, म्हणतात. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरलं जातं. घराचं रक्षण हा कायदा करतो. आडनाव विचारून एकाही मालकाचं घर वाचलेलं मी पाहिलेलं नाही. भाडं बुडवून पळालेले मात्र पाहिलेत, आणि ते मालकाला पसंत पडलेल्या आडनावांचे होते.

दुसरं उत्तर म्हणजे सोसायटी. "माझं काही नाही हो, कमिटी ऐकणार नाही." सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. फ्लॅट भाड्याने दिल्यावर लागणारं बिनभोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे सरकारने २००१ सालीच ठरवून दिलंय. तरी चेअरमन, सेक्रेटरी भाडेकरूची मुलाखत घेतात. एका खाजगी हॉस्पिटलातल्या दोन नर्सना मी अशा मुलाखतीला नेलं होतं. क्लब हाउसमध्ये टेबलामागे चार पुरुष बसले होते.

"रात्री किती वाजता येता?"

"रात्रपाळी असली की सकाळीच येतो सर."

"मग रात्रभर बाहेर? इथे फॅमिल्या राहतात. सोडायला कोण येतं?"

त्यांतल्या थोरल्या मुलीने हॉस्पिटलचं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. कुणी उचललं नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला, कमिटीचा विरोध आहे. मी कारण लेखी मागितलं. मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. कोरोनाच्या साथीत, २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता याच इमारतींच्या बाल्कन्यांमधून थाळ्या वाजल्या होत्या. त्या ज्यांच्यासाठी वाजल्या त्यांना राहायला जागा द्यायची वेळ आली तेव्हा विचारलं गेलं की सोडायला कोण येतं.

तिसरं उत्तर: माझं घर, माझी मर्जी. कायदा इथे अपुरा आहे, हे खरं आहे. संविधानाचं कलम १५ सरकारला भेदभाव करू देत नाही. दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते सगळ्यांना खुले करतं. पण खाजगी मालकाच्या भाड्याच्या घरापर्यंत थेट पोचत नाही. २००५ साली तर सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याचा, नियम वैध ठरवला. तो निर्णय मला पटलेला नाही. सवलतीत जमीन घ्यायची, सहकार कायद्याखाली नोंदणी करायची, पालिकेचं पाणी प्यायचं, आणि दार मात्र जात पाहून उघडायचं, हे अनेक सोसायट्या सर्रास करतात. याला खाजगी मर्जी म्हणता येत नाही. एकेका मालकाची मर्जी जमत जमत शहराचा नकाशा बनते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली किती मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला गेली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. दंगल थांबली तरी तो ओघ थांबला नाही, कारण पुढचं काम आमच्या फोनवरून होत राहिलं. "तुम्ही कोंढव्यात बघा ना," असं पुण्यातला एजंट मुस्लिम माणसाला सहज सुचवतो. मग तोच मालक म्हणतो, ही माणसं एका जागी गोळा होतात, मिसळत नाहीत.

आणि सरकार? रेरा कायदा २०१६ साली आला. त्याखाली प्रकल्पांतल्या घरांची विक्री करणाऱ्या एजंटाला नोंदणी लागते, आणि महारेराने २०२३ पासून प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. चांगलं केलं. पण भाड्याचं काम त्या कायद्यात येत नाही. ज्याच्याकडे फोन आणि दुचाकी आहे तो भाड्याचा एजंट. त्याला ना परवाना, ना तक्रार ऐकणारं कुणी. फ्लॅटच्या चटई क्षेत्राचा आकडा फुगवला तर दाद मागता येते. माणसाला जातीवरून हाकललं तर कुठल्या खिडकीवर जायचं?

माझी मागणी साधी आहे. भाड्याच्या एजंटांची नोंदणी करा. जाहिरातीत किंवा ग्रुपवर धर्म, जात, खाणं यावरून अट घालणाऱ्या एजंटाचा परवाना रद्द करा, माझा असला तरी. सोसायटीला भाडेकरू नाकारायचा असेल तर कारण लेखी आणि सहीनिशी द्यायला लावा, आणि ते उपनिबंधकांकडे जाऊ द्या. पोर्टलवरचे अशा अटींचे रकाने काढून टाका.

तोवर माझ्यापुरता नियम मी केलाय. घर माझ्याकडे देताना मालकाने एक कागद भरायचा: भाडं, डिपॉझिट, मुदत, ताबा कधी. भाडेकरू नको असेल तर का नको ते त्याच कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहायचं, मी तो कागद भाडेकरूला दाखवणार. पुष्कळ मालक तो कागद पाहून उठले, त्यात माझी जुनी गिऱ्हाइकं होती. घरं कमी झाली, दलालीही कमी झाली. त्या रकान्यात 'मुस्लिम आहे म्हणून' किंवा 'महार आहे म्हणून' असं लिहून सही करणारा मात्र एकही निघाला नाही.