कॅरव्हॅनचा एक शनिवार चाकणच्या बाजाराला द्या

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. हॉटेल नसलेल्या भागातही लोकांनी मुक्काम करावा, हा त्यामागचा विचार चांगलाच आहे. प्रत्यक्षात पुण्याहून नाशिक रस्त्याला लागलेला पर्यटक भीमाशंकर, शिवनेरी किंवा माळशेज गाठायच्या घाईत असतो आणि चाकण म्हणजे त्याला वाहतूक कोंडीतून कसेबसे ओलांडायचे गाव वाटते. फार तर कोणी इथल्या संग्रामदुर्ग किल्ल्याची आठवण काढतो, कारण १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेला तो सुमारे दोन महिने मिळू दिला नाही. पण खेड कृषी उत्पन्न बाजार समितीच्या चाकण आवारात शनिवारी भरणारा जनावरांचा बाजार हा जिवंत वारसा आहे. कॅरव्हॅनने इथे एक दिवस थांबायलाच हवे. पिंपरी-चिंचवडच्या माणसाने तर आधी, कारण रोज सकाळी त्याच्या दारात येणाऱ्या दुधामागचा हिशेब अशाच बाजारात उलगडतो.

या बाजारात जर्सी गायी, म्हशी, बैल, शेळ्या-मेंढ्या येतात आणि एकेका जनावराभोवती ज्ञानाचा मोठा साठा उभा असतो. बैलाचा खालचा ओठ दाबून दात पाहिले जातात. दुधाचे दात असतील तर तो आदत. साधारण दोन वर्षांनी पक्क्या दातांची पहिली जोडी येते, मग चार, सहा, आणि आठही आले की बैल जुळला. गाय असेल तर ती कितव्या वेताची, गाभण आहे का, चारही सड चालू आहेत का, हे हाताने तपासले जाते. कागदावर न लिहिलेली ही विद्या आहे आणि तिच्यावर एखाद्या घराचे वर्ष उभे राहते किंवा कोसळते. राज्यकारभारही इथे थेट दिसतो. संकलन केंद्रावर दुधाचा दर पडला की दुभत्या गायीचा भाव उतरतो. २०१५ च्या कायद्याने बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली आणि थकलेल्या बैलाचे काय करायचे, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दावणीला येऊन पडला. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगामुळे राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला, तेव्हा शर्यतीच्या खोंडांचे मोल टिकून राहिले. शेतीवरचे मोठे निर्णय माणसांपर्यंत कसे पोचतात, हे एवढे उघडपणे दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते.

कोणी म्हणेल, कारखान्यांच्या पट्ट्यात हा बाजार आता किती दिवसांचा? जमिनी औद्योगिक वसाहतीत गेल्या, चराऊ रान आटले, नांगर ट्रॅक्टरने ओढला, हे खरेच आहे. पण कंपनी आली म्हणून दावण लगेच सुटत नाही. मुलगा कंत्राटी कामावर आणि घरी दोन गायी, अशी घरे या पट्ट्यात आजही आहेत. काम सुटले तर दुधाचे पैसेच हाताशी राहतात. उद्योग आणि जनावरे एकाच कुटुंबात कशी नांदतात, हे समजून घ्यायला चाकणइतकी जवळची जागा पुणेकराला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पर्यटक आले की कष्टकऱ्यांच्या व्यवहाराचा तमाशा होईल आणि आधीच तुंबलेल्या चाकणमध्ये गाड्यांची आणखी भर पडेल. ही भीती रास्त आहे, म्हणून नियम आधी हवेत. कॅरव्हॅन शुक्रवारी रात्रीच गावाबाहेर ठरलेल्या जागी लागावी आणि बाजारात पायीच जावे. विचारल्याशिवाय फोटो नको, सौदा चालू असताना मध्ये तोंड घालायचे नाही. पाहुणा पाहुण्यासारखा वागला तर बाजार त्याला सामावून घेतो. जनावरांच्या हालांचा मुद्दाही टाळता येणार नाही. पिकअपमध्ये दाटीवाटीने आणलेले, उन्हात तासन् तास बांधलेले जनावर पाहून कोणाचाही जीव तुटेल. पण त्यावर उपाय बाजार नजरेआड करणे हा नव्हे. सावली, पाण्याचे हौद, चढ-उताराचा धक्का आणि जागेवर पशुवैद्य, हा त्यावरचा उपाय आहे. शहराची नजर बाजारावर पडली, तरच या गोष्टींसाठी दबाव तयार होईल.

म्हणून पर्यटन विभागाने आणि बाजार समितीने एकत्र बसावे. कॅरव्हॅनच्या मुक्कामाचे शुल्क ठरवावे आणि त्यातला पहिला रुपया जनावरांच्या पाण्यावर व सावलीवर खर्च करावा. विक्रेत्याला आणि जनावराला काहीच न मिळता फक्त पाहणाऱ्याची करमणूक होणार असेल, तर असे पर्यटन चाकणला नको. दोघांना मिळणार असेल, तर ते सुरू करण्यात उशीर नको.