मराठवाड्यातल्या लेकीबाळींचे ऋण

१९९९ हे वर्ष मराठवाड्याने दोन कारणांसाठी लक्षात ठेवायला हवे. त्या वर्षी १ मे रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीचे एक विराट संशोधन सुरू झाले. पहिल्या घटनेचा वर्धापनदिन साजरा होतो. दुसरीची आठवणही कोणाला नाही.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचे चार गट केले. तीन गटांची तीन वेगवेगळ्या पद्धतींनी एकदाच तपासणी झाली, चौथ्याची झाली नाही. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही या विषाणूची चाचणी झालेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांच्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या सुमारे ३१ हजारांच्या गटात ६४. त्या चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, असा प्रश्न पुढे विचारला गेला, आणि तो गैरलागू नव्हता. जगाला मिळालेल्या या ज्ञानाचे मोल आपल्याच लेकीबाळींनी चुकविले आहे.

त्याचा लाभ औंढा, सेनगाव, कळमनुरी, वसमतच्या स्त्रियांपर्यंत किती पोहोचला? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशभरात अवघ्या १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधीतरी करून घेतल्याचे आढळले. महानगरांसह ही अवस्था, तेथे हिंगोलीचे काय बोलावे!

वास्तविक हा रोग सावकाश पावले टाकतो. विषाणूच्या शिरकावापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षे जातात. या काळात काहीही दुखत नाही, म्हणूनच तपासणी करायची ती धडधाकट स्त्रीची. शासकीय आरोग्यसेवेतील पद्धत साधी आहे. गर्भाशयमुखाला सौम्य व्हिनेगर लावून मिनिटभर थांबायचे. पांढरा डाग उमटला तर पुढील तपासणी. डाग म्हणजे कर्करोग नव्हे. पूर्वावस्थेतील दोष बहुतेक वेळा गर्भपिशवी न काढताही दूर करता येतो. मात्र ही व्हिनेगरची तपासणी एकदाच करून भागत नाही. धाराशिवमध्ये एका फेरीने मृत्यू निश्चितपणे घटल्याचे दिसले नाही. मुंबईच्या झोपडवस्त्यांत दर दोन वर्षांनी चार फेऱ्या झाल्या, तेव्हा ते ३१ टक्क्यांनी घटले. ती तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या शिकलेल्या मुली होत्या. तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासणी, असे शासनाचे धोरण आहे. निदान तेवढे तरी घडावे. पुण्याच्या सीरम संस्थेने या विषाणूवरील स्वदेशी लस तयार केली असून २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली. ती मुलींसाठी मोलाची आहे. पण त्यांच्या आयांना तपासणीवाचून पर्याय नाही.

खरा अडसर संकोचाचा आहे. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो एवढे कानी पडताच सुशिक्षित घरांतही कुजबुज सुरू होते. तो इतका सर्वसामान्य आहे की विवाहित स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांना केव्हा ना केव्हा तो होऊन जातो आणि शरीरच त्याचा निकाल लावते. यात कोणाच्या शीलाचा प्रश्न आणणे हे अज्ञान आहे, आणि क्रौर्यही. अंगावरून पांढरे जाते, पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसते, तरी बाई सांगत नाही. कारण सांगितल्यावर काय ऐकावे लागेल हे ती जाणून असते.

हिंगोली ही हळदीची बाजारपेठ. संक्रांतीला तेथे घरोघरी हळदीकुंकू होते, वाणे लुटली जातात. यंदा प्रत्येक गावातील कार्यकर्तीने तिशी ओलांडलेल्या भगिनींची यादी त्याच बैठकीत करावी आणि आरोग्यसेविकेशी बोलून तपासणीचा दिवस ठरवावा. सेनगावच्या शेतमजूर बाईची त्या दिवसाची मजुरी बुडेल, तिची सोय आधी पाहावी लागेल. ज्यांना पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवतील त्यांच्यासोबत कोणी जायचे, हेही तेव्हाच ठरवावे; एकटीने जावे लागते म्हणूनही बायका माघारी फिरू शकतात.